उभ्या गाडीची बॅटरी

पळवून पळवून बॅटरी मेली असं मी कधी पाहिलं नाही. बॅटरी मरते ती उभ्या गाडीत. इतकी वर्षं दुकान चालवून मला एवढं एकच ज्ञान झालंय आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतो, त्याला हवं असो वा नसो. लोक गाडीवर कव्हर घालतात, चाकांना विटा लावतात, काचेवर पुठ्ठा ठेवतात आणि निवांत परगावी निघून जातात. परत आले की किल्ली फिरवतात, आतून नुसतं टक-टक होतं, आणि मग माझ्यापुढे उभे राहून विचारतात की असं कसं झालं, आम्ही तर गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. अहो, म्हणूनच झालं! गाडी झोपली तरी तिचं घड्याळ जागं असतं, अलार्म जागा असतो, आणि ते आतल्या आत पीत बसतात. वायर काढून ठेवली तरीही बॅटरी आपली आपण थोडी उतरतेच, फक्त सावकाश. पार उतरली की आमच्या धंद्यात म्हणतात, बॅटरी बसली. माणूस बसला की त्याला बरं वाटतं. बॅटरी बसली की मालकाला घाम फुटतो.

बाजारात मला सगळे अ‍ॅसिड म्हणतात. थोडं शर्टाला पडलेल्या भोकांमुळे, जास्त जिभेमुळे. मला भाऊजी म्हणणारी बाई अख्ख्या बाजारात एकच, ती म्हणजे मास्तरांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणतो. नात्याचं म्हणाल तर काही नाही. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, त्यांच्या गाड्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे असायच्या, आणि दर वेळी गाडी सोडायला गेलो की वहिनी पुढच्या खोलीत बसलेल्या दिसायच्या.

ती पुढची खोली म्हणजेच स्कूलचं ऑफिस. एक टेबल, एक फोन, भिंतीवर खुणांच्या पाट्यांचा तक्ता आणि चार खुर्च्या. मास्तर रस्त्यावर, वहिनी टेबलापाशी. फोन घ्यायचा, कुणाची वेळ कुणाशी बदलायची ते बघायचं, घाबरलेल्यांना धीर द्यायचा आणि ज्यांना फारच धीर आलाय त्यांना जरा घाबरवायचं, हे सगळं वहिनींकडे. परीक्षेहून कुणी परतलं की पायऱ्या चढतानाच्या आवाजावरून त्यांना कळायचं, पास की नापास. नापास असेल तर एक शब्द न विचारता पाण्याचा ग्लास पुढे करायच्या आणि पुढच्या आठवड्याची वेळ सांगून टाकायच्या. मास्तरांकडे लोक गाडी शिकायला यायचे आणि टिकायचे ते वहिनींमुळे, असं मास्तर स्वतःच म्हणायचे. अर्थात वहिनी घरात नसताना.

निम्म्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाची बायको मात्र गाडी शिकली नाही. दोन दिवस शिकत होत्या. परक्यांवर कधी आवाज न चढवणारे मास्तर दुसऱ्या दिवशी एका वळणावर बायकोवर ओरडले. वहिनींनी गाडी कडेला थांबवली, ब्रेक ओढला, दार अगदी हळू लावलं आणि चालत घरी आल्या. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला, पण एकाच माणसाचा. त्यानंतर कित्येक वर्षं त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या नाहीत आणि मास्तरांनीही विषय काढला नाही. दोघांनीही कानाला खडा लावला.

मग मास्तर पडले. शिकवणी चालू असतानाच पडले. उजवी बाजू गेली तेव्हा ते गाडीतच होते, पण त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर त्यांचा पाय आधीच गेलेला होता, म्हणून गाडी जागच्या जागी थांबली. शेजारी बसलेली शिकाऊ बाई बराच वेळ त्यांची माफी मागत राहिली. तिला वाटलं, आपलं काहीतरी भलतंच चुकलंय, म्हणून मास्तर बोलायचे थांबलेत.

हॉस्पिटलमधून घरी आले ते अर्धे आले. उजवा हात आणि पाय लाकडासारखे, आणि बोलणं असं की एक शब्द बाहेर काढायला माणूस घामाघूम व्हावा. स्कूल बंद झालं. बाकीच्या गाड्या गेल्या, जुनी एक राहिली, दोन ब्रेकवाली. ती पोर्चमध्ये उभी, तोंड मास्तरांच्या खोलीच्या खिडकीकडे, धुराडं रस्त्याकडे. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिच्याकडे बघायचेही नाहीत. घास तोंडात घेऊन तसाच धरून ठेवायचे. वहिनी तेव्हा मला म्हणाल्या होत्या की माणूस हॉस्पिटलातच सोडून आल्यासारखं वाटतं, घरी आणलंय ते काहीतरी वेगळंच.

एक दिवस पोर्चमधली फरशी नीट करायची म्हणून त्यांनी मला गाडी जरा मागे घ्यायला बोलावलं. मी आपला गेलो, सेल्फ मारला, इंजिन धरलं. वहिनी खोलीत होत्या. त्या धावत बाहेर आल्या आणि खुणेनं सांगायला लागल्या, बंद करू नका, बंद करू नका. मास्तरांनी कूस बदलली होती. खिडकीकडे तोंड करून ते ऐकत होते. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी व्यायामाचा रबरी चेंडू हातात घेतला, डाव्या हातानं उचलून उजव्या हातात ठेवला आणि दाबायचा प्रयत्न केला. तो दाबला गेला नाही, पण त्यांनी केला.

झालं. वहिनींच्या मनात पक्कं बसलं की हा माणूस उठणार असेल तर या आवाजावर उठणार. पुन्हा गाडीत बसायच्या आशेवर. त्यामुळे सकाळी हा आवाज आलाच पाहिजे. आवाज थांबला की आशा थांबली, आणि आशा थांबली की पुन्हा भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन केव्हाच सांगितलं होतं की चालता आलं तरी पुष्कळ झालं, गाडी विसरा. ते त्यांनी पदरात बांधून ठेवलं, मास्तरांना सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मला सांगणं म्हणजे बॅटरीला सांगणं.

तेव्हापासून त्यांची सकाळ अशी. मास्तरांना उठवायचं, म्हणजे अक्षरशः उठवायचं, कमरेत हात घालून. पुसून काढायचं, कपडे बदलायचे, चादर बदलायची, दाढी एक दिवसाआड. चहा चमच्यानं, गोळ्या कुटून, न्याहारी मऊ करून. मग त्यांना खिडकीशी खुर्चीत बसवायचं, चेंडू हातात द्यायचा, आणि किल्ली घेऊन पोर्चमध्ये. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, गिअर नाही ना ते बघायचं, किल्ली फिरवायची. पाच मिनिटं इंजिन चालू. मग बंद करून आत. पुढे धुणं, भांडी, औषधाचं दुकान, दुपारचं जेवण, पुन्हा उठवणं, पुन्हा पुसणं. लेक लांबच्या शहरात. फोनवर तिचं एकच पालुपद, की आई, ती गाडी विकून टाक, बाबांना कळणारसुद्धा नाही. वहिनींनी तिला गाडीबद्दल सांगणंच सोडून दिलं.

आणि बॅटरी बसायला लागली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काही बोललो नाही. काढून दुकानात आणली, चार्जिंगला लावली, त्याच दिवशी परत बसवून दिली. पुन्हा फोन आला तेव्हा टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करता करता विचारलं की गाडी चालवता किती. चालवत नाही, रोज चालू करते, असं त्यांनी जरा अभिमानानं सांगितलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं की बॅटरी भरलेली राहते. हे सांगणारा माणूस मला एकदा भेटायला हवाय. सगळ्या गावाला तोच सांगत फिरतो आणि सापडत मात्र कधी नाही.

मी वहिनींना समजावलं. म्हटलं, सेल्फ मारताना बॅटरी एका दमात भलामोठा घोट देऊन टाकते. तो परत भरायचा तर गाडी रस्त्यावर चांगली अर्धा तास पळायला हवी. तुम्ही तिला पाच मिनिटं जागेवर गुरगुरायला लावता, म्हणजे ताटभर काढून घेता आणि चमचाभर वाढता, तेही रोज. यापेक्षा गाडीला हात लावला नसता तर ती जास्त टिकली असती. तुम्ही काळजी घेऊन घेऊन तिचा जीव घेताय.

हे मी जरा मोठ्यानंच बोललो असणार, कारण वहिनींनी खिडकीकडे बघून मला हळू बोलायची खूण केली.

मी त्यांना एकेक उपाय सांगत गेलो आणि त्या एकेक बाजूला ठेवत गेल्या. कुणाला तरी गाडी फिरवून आणायला सांगा, म्हटलं. तर ते एकदा करून झालं होतं. शेजारच्या मुलानं गाडी फाटकाबाहेर नेली आणि मास्तरांना वाटलं की विकली. परत येईपर्यंत कावरेबावरे झाले आणि रात्री जेवले नाहीत. बरं, मग मायनसची वायर काढून ठेवा, म्हणजे उतरली तरी अगदी सावकाश उतरेल. पण मग चालू कशी करणार? बरं, छोटा चार्जर येतो, भिंतीला लावायचा, दोन चिमटे बॅटरीला लावायचे आणि विसरून जायचं. तो लागेल तेवढंच देतो, पुरेसं झालं की गप्प बसतो. महिनोनमहिने गाडी उभी ठेवायची तर यासारखं दुसरं काही नाही.

"त्याचा आवाज येतो का हो?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, चार्जरला कसला आवाज? एक हिरवा दिवा लागतो.

"मग काय उपयोग?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मास्तरांनी हाक मारली होती. हाक म्हणजे घशातून एक आवाज, पण त्यांना तो तीन खोल्यांपलीकडून ऐकू यायचा.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी चिडायचो, बडबडायचो, बॅटरी काढून न्यायचो, भरून आणायचो. वहिनी दर वेळी आणखी वाळलेल्या दिसायच्या. केसांना फणी लागली असेल तर लागली, ब्लाउजची बाही उलटी असेल तर असेल. एकदा बॉनेट उघडं टाकून मी पाना शोधत होतो आणि त्या शेजारी उभ्या होत्या. उभ्या उभ्याच त्यांनी मडगार्डला टेकून डोळे मिटले. मग म्हणाल्या, ही गाडी माझ्या जिवावर उठलीये भाऊजी. सगळं आवरून एक पाय घरात आणि एक पाय बाहेर असं हिच्यात येऊन बसायचं. परवा तर बसल्या बसल्या डोळाच लागला. इंजिन चालू आणि मी आपली झोपलेली. दचकून जागी झाले तर किती वेळ गेला होता कळेना. त्यांनी हाक मारली असेल आणि मला ऐकू गेली नसेल तर? हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जणू काही चोरी करताना सापडल्यात.

मी म्हटलं, हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आलीच असती. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

बॅटरीचं म्हणाल तर इतक्या वेळा तळाला जाऊन आल्यावर कुठलीच बॅटरी माणसात राहत नाही. आतल्या पट्ट्या कडक होतात, मग कितीही भरा, वरवर भरल्यासारखं दाखवते आणि गरज पडली की हात वर करते. शेवटच्या खेपेला मी साफ सांगितलं की आता ही गेली, दुसरी बसवावी लागेल, आणि या वेळी तुम्ही काहीही म्हणा, सोबत छोटा चार्जर लावणार. रोज आवाज काढा, पण उरलेला दिवस तिला चार्जर लागलेला पाहिजे. वहिनी बऱ्याच वेळानं हो म्हणाल्या. त्यांच्यात भांडायचं त्राण नव्हतं. फक्त एवढंच विचारलं, की उद्या सकाळचा आवाज निघेल ना हिच्यात? तुम्ही येईपर्यंत? एकही दिवस खंड पडलेला नाही, तो पडायला नको. मी म्हटलं, निघेल बहुतेक, आणि नाही निघाला तर मी आहेच, लवकर येतो.

लवकर काही गेलो नाही. शटर उघडतो तोच एक ट्रकवाला दारात, त्याचा खोळंबा, त्याचं सगळं करून निघेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. नवी बॅटरी आणि चार्जर घेऊन मी फाटकातून आत शिरलो तर गाडीचं दार अर्धवट उघडं आणि वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर. मान एका बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं, हात अजून किल्लीवर. किल्ली फिरवलेली होती. डॅशबोर्डच्या काचेमागचे दिवे इतके मिणमिणते की असून नसल्यासारखे. म्हणजे किल्ली फिरवली, टक-टक झालं, काही झालं नाही, पुन्हा फिरवली असेल, आणि तशाच बसल्या बसल्या झोप लागली. मी हातातलं ओझं खाली ठेवलं आणि त्यांना उठवायला पुढे झालो.

खिडकीच्या गजावर टिचकी वाजली. मास्तर खुर्चीत बसलेले होते. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मग तोच हात आतल्या बाजूला हलवला, की आत ये.

मी स्वयंपाकघराच्या दारानं आत गेलो. खोलीत औषधांचा आणि ओल्या कपड्यांचा वास होता. मास्तरांच्या मांडीवर रबरी चेंडू होता. मी स्टूल ओढून जवळ बसलो. त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू अजून खाली ओढलेली होती, पण डोळे पूर्वीचेच, समोरच्या रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाचे.

"ती बसते," ते म्हणाले. चार अक्षरं नीट यायला त्यांना किती तरी वेळ लागला.

"बसणारच," मी म्हणालो. "रोज सेल्फ मारायचा आणि पाच मिनिटांत बंद करायची, मग बसेल नाहीतर काय होईल? वहिनींना सांगून सांगून माझी जीभ झिजली." आमच्या धंद्यात ती म्हणजे बॅटरीच, दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

मास्तरांनी मान हलवली. दम घेतला. "बॅटरी नाही. ती." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ती बसते."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. वहिनी तशाच झोपलेल्या होत्या.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी आणि खुणांनी. काही शब्द मी पुरे केले, त्यांनी हो किंवा नाही केलं. पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही हे त्यांना माहीत होतं. माहीत नसायला काय झालं, शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते हे बजावून सांगायचे. गाडी आपल्या हातून गेली हेही माहीत होतं. डॉक्टर वहिनींशी दाराबाहेर बोलत होते तेव्हा त्यांचे कान काही गेलेले नव्हते. पण दिवसभरात या बाईची पाठ कुठे टेकत नाही, आणि त्या सीटवर टेकते, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. त्या सीटवर बसल्या की वहिनींचे खांदे खाली येतात. कधी डोळा लागतो. तेवढ्या वेळात काही लागलं तरी मास्तर हाक मारत नव्हते.

"मग वहिनींना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं... तर... उठेल," मास्तर म्हणाले.

मास्तर खुर्चीत अस्वस्थ हलले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना लघवीला लागलीये आणि बऱ्याच वेळापासून लागली असावी. मी विचारलं, वहिनींना हाक मारू का? त्यांनी डोळे वटारले. भांडं पलंगाखाली होतं. मी कधी कुणाचं केलेलं नाही हे काम, स्वतःच्या वडिलांचंही केलं नाही, ते भावाकडे होते. जमलं तसं केलं. थोडं खाली सांडलं, चादरीचं टोक भिजलं. मास्तर छताकडे बघत होते आणि मी भिंतीकडे.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं आणि वहिनी धावत आत आल्या. एका गालावर सीटच्या शिवणीचा वळ उमटलेला. मी हातात भांडं घेऊन उभा आहे याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

"आज आवाज आला नाही ना तुम्हाला?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "भाऊजी आलेत, नवी बॅटरी आणलीये, आत्ता चालू होईल. काही झालेलं नाही गाडीला. तुम्ही चेंडू घ्या बघू हातात."

"आला," मास्तर म्हणाले.

"काय आला?"

"आवाज. घोरत होतीस."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या भांड्याकडे आणि चादरीच्या ओल्या टोकाकडे. त्या म्हणाल्या, मला उठवायचं नाही का, हाक मारायची नाही का. मास्तर काहीच बोलेनात म्हणून मीच सांगितलं. जे ऐकलं होतं ते सगळं, डॉक्टरांच्या बोलण्यासकट. मास्तर मला थांबवायला हात हलवत होते, पण मी थांबलो नाही. दोघांनी मिळून एक चांगली बॅटरी मारली होती, आता आणखी कुणाला मारायची वाट बघायची?

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. किल्ली अजून त्यांच्या मुठीत होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "गाडीचं ठाऊक होतं. मग हा चेंडू कशाला दाबता रोज?"

मास्तरांनी चेंडू उजव्या हातात ठेवला आणि दाबला. तो खरंच दबला, अगदी थोडा. "तुझी कंबर," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण कळायला तेवढं पुरेसं होतं. रोज कमरेत हात घालून त्यांना उचलणाऱ्या त्याच होत्या. माणूस आपल्या पायांवर उभा राहिला तर ते उचलणं वाचेल.

"मग मी ती गाडी रोज कुणासाठी चालू करत होते?" वहिनींनी विचारलं.

वहिनी रडल्या, तोंडावर हात धरून, आवाज न करता. एवढ्या दिवसांत त्यांना रडायलाही सवड झाली नव्हती. मलाही रडू आलं, लपवत नाही. मास्तरांचा डावा हात त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. मी हातातलं भांडं खाली ठेवून त्यांची खुर्ची उचलून थोडी पुढे सरकवली, मग पोचला.

बऱ्याच वेळानं मी भांडं धुवून ठेवलं आणि विचारलं, की नवी बॅटरी बसवू का. मला माझ्या धंद्याचंच काहीतरी विचारायला हवं होतं, दुसरं सुचत नव्हतं.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "नको, भाऊजी. त्या जुनीचीही वायर काढून ठेवा."

"आणि गाडी? विकायची?"

"गाडी राहू दे." त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "मी नुसती जाऊन बसेन."

मी मायनसची वायर सोडली, कापडात गुंडाळून बाजूला बांधली आणि नवी बॅटरी परत दुकानात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो. मास्तरांचं चहापाणी आवरलं होतं, ते खिडकीशी बसले होते. भाऊजी आहेत तुमच्याजवळ, मी जरा गाडीत जाते, असं वहिनी म्हणाल्या. आजवर त्या जायच्या, पण असं सांगून कधी गेल्या नव्हत्या. मास्तर म्हणाले, "जा." त्या गेल्या, दार लावून घेतलं आणि सीट थोडी मागे सरकवली. किल्ली घरात टेबलावरच होती.